मुळ्यांचं माप

निर्मलाकाकूंचं नाव आधी लिहिते. माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी तिला रोज सकाळी नगरला सावेडीतल्या त्यांच्या घरी सोडायचे आणि कारखाना सुटला की न्यायला जायचे. "ने बाई तुझी ही भवानी, डाळ-तांदूळ एक करून ठेवलेत हिनं," असं ओरडायच्या, आणि भवानीच्या तोंडाला वरणभात लागलेला असायचा. दोन वर्षं त्यांनी हे केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. पुढचं हे सगळं लिही, असंही त्यांनीच सांगितलं. ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तरी मला काही म्हणता आलं नसतं. म्हणून त्यांचं नाव आधी. काय झालं ते आता सांगते.

मी गुजरातेत, भरूचच्या पुढे, रसायनांच्या कारखान्यांतल्या मोटरी दुरुस्त करण्याचं काम करते. अशा कारखान्यात जाताना फाटकावरच्या कप्प्यात मोबाईल ठेवून जावं लागतं. आत हवेतच पेटणारी वाफ असते, ठिणगी पडेल असं काही न्यायचं नाही. त्या दिवशी आतलं काम लांबलं. संध्याकाळी बाहेर येऊन मोबाईल हातात घेतला, तर काकूंचे नऊ मिस्ड कॉल. नऊ पाहिल्यावर फोन लावायची गरज नव्हती... तरी लावला. "सुनंदा, गेले गं हे. सकाळीच गेले. दुपारपर्यंत तुझ्या फोनची वाट बघितली, मग नेलं." मी फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिले. वॉचमनने पाणी आणून दिलं. मुळे सरांना, काकूंच्या यजमानांना, नेलं त्या वेळी मी त्यांनीच शिकवलेल्या रीतीनं कुणाच्या तरी मोटरीचा सांधा तपासत होते, आणि माझा फोन त्या लोखंडी कप्प्यात वाजत होता.

माझं गाव नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या वर, भंडारदऱ्याच्या बाजूला. शाळा आठवीतच सुटली. भाताच्या लावणीला घरात माणूस कमी पडलं आणि शाळेत एक कमी झालं, एवढंच. लग्न होऊन नगरला आले. नवरा टेम्पो चालवायचा. अपघातात त्याचा पाय मोडला, तेव्हा मी एमआयडीसीत मोटरीच्या कारखान्यात लागले. आधी तांब्याची तार भरायला, मग मोटर जोडायला. मुळे सर तिथले डिझाइनचे साहेब. उंच, थोडे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी फीलर गेज. फीलर गेज म्हणजे चाकूसारखा उघडणारा पातळ पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. फटीत कुठली पट्टी जाते आणि कुठली अडते, त्यावरून फट केवढी ते कळतं. बाकीचे साहेब वर ए.सी.त बसायचे, सर दिवसातून चार वेळा खाली यायचे. "हा बोल्ट असा का आवळतेस?" विचारायचे. मी म्हणायचे, "सांगितलंय म्हणून." "ते उत्तर नाही झालं," म्हणायचे, आणि माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायचे. आठवी सुटलेल्या बाईला 'का' विचारणारा आणि 'का' ते सांगणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता.

आमच्या कारखान्यात ज्या मोटरी व्हायच्या त्या डिस्टिलरी, रंगाचे कारखाने, गॅस भरायची ठिकाणं, अशा जागी जायच्या. जिथं साधी मोटर लावली तर एखादे दिवशी सगळी शेड उडेल. मला वाटायचं, मोटर डब्यासारखी घट्ट बंद केली की झालं. एकदा मुलीला आणायला गेले होते तेव्हा सरांना तसं म्हणाले. सर हसले. "घट्ट बंद काहीच राहत नाही गं. मोटर तापते, निवते, श्वास घेते. बाहेरची वाफ आत जाणारच. आत ठिणगी पडणार, भडका होणार, असं धरूनच चालायचं. आपलं काम एवढंच, की तो जाळ बाहेर पडता पडता थंड झाला पाहिजे." मला काही कळलेलं नाही हे त्यांनी ओळखलं. उठून स्वयंपाकघरात गेले, काकूंची पिठाची चाळणी घेतली, गॅस बारीक करून चाळणी जाळावर आडवी धरली. जाळ खालीच थांबला. वर काहीच नाही. सर चाळणीवरच्या हवेकडे बोट दाखवत होते. "बघ, वाट आहे. पण वाट इतकी बारीक आहे, की जाळाला पार करताच येत नाही. मोटरीच्या धडात आणि झाकणात जो सांधा असतो ना, ती आपली चाळणी. म्हणून तिथलं माप." तेवढ्यात काकू आल्या. "अहो, भाकरीचं पीठ कशात चाळू आता? काळीठिक्कर केलीत!" चाळणीच्या मधोमध काळा गोल उमटला होता. सर म्हणाले, "शिक्षणाला थोडा खर्च येतो." काकू म्हणाल्या, "मग स्वतःच्या ऑफिसातली चाळणी न्या."

त्या सांध्याचं माप सरांनी काढलेलं होतं. एक मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पंधरा. त्याच्यावर नाही. त्या ड्रॉइंगवर त्यांनी किती महिने घातले ते मी पाहिलं नाही, पण त्या ड्रॉइंगला मान्यता मिळून आली त्या दिवशी त्यांनी सगळ्या खात्याला भेळ आणली होती, आणि स्वतः मात्र एका कोपऱ्यात उभं राहून पहिल्या मोटरीच्या सांध्यावरून नख फिरवत होते, हे पाहिलं आहे.

आता माझी चूक. त्या पावसाळ्यात सहा मोटरींची झाकणं शेडच्या कडेला राहिली आणि सांध्याच्या जागी गंज चढला. तपासणीला बाहेरचे साहेब येणार होते. मुळे सर त्या दिवशी सुट्टीवर. नियम असा, की गंज दिसला तर नुसत्या तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि सरांना दाखवायचं. मला तो नियम माहीत होता. पण मला वाटलं, साहेब येतील, डाग दिसतील, सरांचं नाव खराब होईल. सरांसाठी काहीतरी करायची हौस होती मला. हँड ग्राइंडरला पॉलिशची चकती लावली आणि सहाच्या सहा झाकणं घासून आरशासारखी केली. मोटरी जोडून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक तातडीची म्हणून टेम्पोनं एका डिस्टिलरीला गेलीसुद्धा. अकराच्या सुमाराला सर आले. मी पुढं होऊन म्हणाले, "सर, बघितलीत का? एकदम आरशावानी केलीत."

सरांनी नुसतं विचारलं, "कशानं?"

मी सांगितलं. त्यांनी खिशातून गेज काढलं. पंधराची पट्टी आत गेली. ती अडायला हवी होती. विसाची गेली. मग पंचविसाची. एका मोटरीला तर तिसाची निम्म्यापर्यंत गेली. सर एका मोटरीवरून दुसरीवर जात राहिले. पाचवी झाल्यावर म्हणाले, "सहावी कुठंय?"

मालक खालीच होते. सर त्यांना म्हणाले, ती मोटर परत मागवा, आत्ता फोन करा. मालक म्हणाले, "सर, केसाएवढा फरक हाय. केसानं कुठं स्फोट व्हतो व्हय?" सर म्हणाले, "केसानंच होतो." मालकांना ते पटलं नाही, किंवा पटूनही चालणार नव्हतं, मोटर परत मागवली तर कारखान्याचं नाव जाईल असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चल. कुठं घासलंस ते दाखवायला तू लागशील." आम्ही तारकपूरच्या स्टँडवर एस.टी.त बसलो. अडीच तासांत मी एकच वाक्य बोलले. "सर, माझी नोकरी जाईल... घरात मी एकटीच कमावतेय." सर खिडकीतून उसाकडे बघत होते. म्हणाले, "आधी मोटर थांबू दे."

डिस्टिलरीत पोचलो तेव्हा मोटर बसवून चालूही झाली होती. स्पिरिटच्या पंपाला. त्या जागेचा वास अजून माझ्या नाकात आहे, गोडसर, डोळ्यांत चरचरणारा. आमची मोटर त्या वासात उभी राहून मजेत फिरत होती. दोन कामगार तिच्याजवळच उभे राहून टाकीला शिडी लावत होते. एकजण गाणं गुणगुणत होता. सरांनी तिथल्या मॅनेजरना सगळं खरं सांगितलं. बाईनं झाकण जास्त घासलं, फट वाढली, मोटर बंद करा. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. पण म्हणाले, "साहेब, ऑर्डरींची घाई चालूये. तुमच्या मालकांचा आत्ताच फोन आला, माल तपासून दिलाय म्हणतात. मी कुणाचं ऐकू? एका बाईनं काय घासलं त्यावर मी प्लांट थांबवला तर मला उद्या घरी बसवतील. मालकांचं पत्र आणा, दोन मिनिटांत बंद करतो."

सरांनी मॅनेजरांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. मी बाजूलाच होते, मराठीत लिहिलं होतं म्हणून मला वाचता आलं. 'या मोटरचे ड्रॉइंग मी केले आहे. सांध्याच्या मापात माझी चूक झाली आहे. मोटर तात्काळ बंद करावी.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. मॅनेजरांनी तो कागद दोनदा वाचला. "साहेब, हे तुमच्या गळ्याशी येईल." सर म्हणाले, "आता ती चालू ठेवलीत तर तुमच्या गळ्याशी येईल." मॅनेजर स्वतः उठले. दहा मिनिटांत मोटर थांबली. शिडीवरच्या माणसाला कळलंही नाही. तो गुणगुणतच होता.

परतीच्या एस.टी.त मी रडत होते. "सर, तुमचं माप बरोबर होतं. तुमी खोटं का लिहिलंत?" सर म्हणाले, "तुझं नाव लिहून मोटर थांबली नसती. माझं लिहून थांबली. एवढंच आहे ते." आणि थोड्या वेळानं, जरा कडक आवाजात, "हे कुणाला सांगायचं नाही. खरं कळलं, तर मालक त्यांना उद्याच फोन करून सांगतील, ड्रॉइंग ठीक आहे, चालू करा मोटर. ती परत येऊन भंगारात जाईपर्यंत तरी तोंड बंद." मी तोंड बंद ठेवलं. मोटर पंधरा दिवसांत परत आली, माझ्या डोळ्यांदेखत तिचं झाकण फोडलं. त्या दिवसापासून तोंड उघडायला हरकत नव्हती... मी उघडलं नाही.

सरांना काढलं नाही, असं सगळे सांगतात. त्यांना राजीनामा द्यायला लावला. नवे साहेब आले, त्यांनी ड्रॉइंगवर माप थोडं घट्ट केलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. एमआयडीसी केवढी ती, आठ दिवसांत सगळीकडे झालं की मुळ्यांचं ड्रॉइंग चुकलं होतं, लोक मरता मरता वाचले. कुणी त्यांना डिझाइनचं काम दिलं नाही. आणि आमच्या खात्यात तर म्हणच पडली. एखादं कव्हर बसेना, बोल्ट फिरेना, की कुणीतरी ओरडायचं, "आरं हे मुळ्यांचं माप हाय का?" सगळे हसायचे. एकदा मीसुद्धा हसले. हसले नाही तर कुणाला संशय येईल, अशी भीती वाटली. ते हसू मला आठवतं. इतर गोष्टी विसरायला होतात, ते होत नाही.

सरांनी केडगावच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड घेतली आणि शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला लागले. मिरजगावपासून लोक मोटरी घेऊन यायचे. वॉर्निशमध्ये बुडवायच्या, भट्टीत भाजायच्या. शेडला एकच दार. ज्या माणसानं पेटत्या हवेत माणसं सुखरूप राहावीत म्हणून केसाकेसाची मापं काढली, तो स्वतः पंधरा वर्षं ती वॉर्निशची वाफ ओढत बसला. मी म्हणायचे, मागच्या बाजूला पंखा तरी लावा. "लावतो," म्हणायचे. शेवटी त्या वाफेनं छातीच धरली.

माझ्या नवऱ्याचा पाय बरा झाल्यावर त्याला गुजरातेत ड्रायव्हरचं काम मिळालं. आम्ही निघालो तेव्हा सरांनी तिकडच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन केला. मी समोरच होते. "शिक्षण नाही फारसं. पण बाईला सांधा कळतो," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आज जिथं आहे तिथं आहे. निघताना खिशातलं गेज काढून माझ्या हातात ठेवलं. "मला आता याचं काम नाही." शेतातल्या मोटरींना ते लागत नाही, हे खरंच होतं.

मागच्या वर्षी माझ्या टेबलावर एक मोटर आली. पाटी वाचली आणि हात थांबला. नगरची, आमच्या कारखान्याची, सरांच्या ड्रॉइंगची, नव्या साहेबांच्या आधीची. इतकी वर्षं तिकडच्या खाऱ्या हवेत चाललेली. मी झाकणाच्या चारी बाजूंनी पट्टी लावली. पंधराची कुठंच आत गेली नाही. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. तिकडे दम लागलेला आवाज. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "गंज आहे का?" "थोडा हाय, सर." "मग आधी ग्राइंडर लपवून ठेव." आणि हसले, आणि हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. फोन काकूंनी घेतला. "काय सांगितलंस गं? कधी नव्हे ते हसलेत."

ही दिवाळी त्यांची शेवटची. मी भेटायला गेले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली होती. मी म्हणाले, "सर, आता मी सांगते सगळ्यांना." त्यांनी हातानंच नको म्हटलं. "आता कुणाला उपयोग आहे?" मला तेवढंच हवं होतं, खरं सांगते. त्यांनी नको म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

ते गेल्यावर पंधराव्या दिवशी नगरला गेले. घर शांत होतं. काकू एकट्याच होत्या. मला वाटत होतं, काकूंना सगळं ठाऊक आहे, एवढी वर्षं कळूनसवरून माझ्याशी चांगलं वागल्या. म्हणून मी बसल्या बसल्या म्हणाले, "काकू, माझ्यापायी सरांचं जे झालं..."

"तुझ्यापायी काय झालं?"

त्यांना ठाऊक नव्हतं. सरांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी सांगत गेले, झाकणं, चकती, एस.टी., तो कागद. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या रिकाम्या पलंगाकडे बघत होत्या. मी थांबले. मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "मी एकदा म्हणाले होते यांना. शेडमधून आले होते, हात काळे, सगळ्या घरात तो वास. माझं डोकं फिरलं. म्हटलं, जन्मभर एकच तर माप काढायचं होतं तुम्हाला, तेही धड जमलं नाही." पदर तोंडाशी धरला. "काही बोलले नाहीत गं. हात धुवायला गेले. आणि मला वाटलं, बोलायला तोंडच नाही म्हणून गप्प आहेत."

मी त्यांच्या पायांशी बसले होते. काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं आता म्हणतील, जा. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. मग चाळणीचा. मी दारात जाऊन उभी राहिले. भाकरीचं पीठ चाळत होत्या, त्याच चाळणीनं. मधल्या काळ्या गोलातून पांढरं पीठ खाली पडत होतं. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "लांबून आलीस, जेवून जा. आणि हे सगळं कुठंतरी लिही. मला सांगितलंस तसंच. मी त्यांना आता सांगू शकत नाही."

म्हणून लिहिलं. एमआयडीसीतल्या जुन्या माणसांनी वाचावं म्हणून लिहिलं. मुळे सरांचं ड्रॉइंग बरोबर होतं. माप बरोबर होतं. हात माझा चुकला आणि पंधरा वर्षं तोंड मी मिटलं.

काकू, मालक आता थकलेत, त्यांचा मुलगा कारखाना बघतो. नवी-जुनी दोन्ही ड्रॉइंगं त्यांच्याकडे आहेत, आणि इकडच्या त्या मोटरीची मापं मी मोजून, लिहून ठेवली आहेत. पुढच्या सुट्टीत मी त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे. त्या दिवशी सरांनी खोटं लिहून दिलं तेवढाच मोठा कागद मला त्यांच्याकडून हवा आहे, खरं लिहिलेला, सहीचा. पहिल्या खेपेला देणार नाहीत. दुसऱ्या खेपेला जाईन, तिसऱ्या खेपेला जाईन. तुमची भवानी आता कॉलेजात आहे, तिलाही बरोबर घेईन. तुमच्या वरणभाताचं, त्या दिवशीच्या भाकरीचं काही माझ्यानं फिटायचं नाही. पण तो कागद एक दिवस तुमच्या हातात आणून ठेवीन.